महागड्या परफ्यूमची बाटली, झाकण आणि खोका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परफ्यूम संपतं, बाटली उरते. ती टाकवत नाही आणि ठेवून करायचं काय तेही कळत नाही. वेष्टनाच्या कामात असल्यामुळे असे प्रश्न माझ्यापर्यंत सतत येतात. जे पुन्हा पुन्हा विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत.

आधी शब्दांबद्दल थोडं. 'सस्टेनेबल पॅकेजिंग'ला कोणी शाश्वत वेष्टन म्हणतं, कोणी पर्यावरणपूरक. 'टिकाऊ' म्हटलं की मात्र घोटाळा होतो. परफ्यूमची बाटली मुळातच फार टिकाऊ असते. पन्नास वर्षं सहज राहील अशी वस्तू आपण आठ-दहा महिन्यांत टाकून देतो, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

वेष्टन म्हणजे बाटली आणि खोका, एवढंच ना?

एक रिकामी बाटली सोडवून बघा, म्हणजे अंदाज येईल. मी मध्यंतरी १०० मिलिलिटरची एक बाटली पकड घेऊन उघडली. झाकण कापलं तर बाहेर काचेसारखं दिसणारं जाड प्लॅस्टिक, आत पांढऱ्या प्लॅस्टिकची खोबण आणि दोहोंच्या मध्ये चिकटवलेला धातूचा ठोकळा. तो ठोकळा काहीच काम करत नाही, झाकण हाताला जड लागावं म्हणून फक्त घातलेला असतो. मग फवाऱ्याचं बटण, त्याभोवती सोनेरी कडं, आणि त्याखाली काचेच्या गळ्यावर दाबून बसवलेली ॲल्युमिनियमची टोपी. ती उचकटायला वीस मिनिटं गेली आणि गळ्याचा कपचा उडाला. पंपाच्या पोटातून स्टीलची स्प्रिंग, एक बारीक गोळी, वायसर आणि दोन-तीन तऱ्हेचं प्लॅस्टिक निघालं. खाली लोंबणारी नळी वेगळीच.

खोक्याचीही तीच गत. कागद, त्यावर प्लॅस्टिकचा मुलायम थर, सोनेरी छपाई, आत बाटली धरून ठेवणारी बैठक, आणि महागड्या खोक्यात तर पुठ्ठ्यात लपवलेलं चुंबकही.

काच तर कितीही वेळा वितळवता येते. मग तक्रार कशाची?

काच पुन्हा वितळवता येते हे खरं आहे आणि तिचा दर्जाही घसरत नाही. पण वितळवायला लागणारी उष्णता फुकट येत नाही. वाळू, सोडा आणि चुनखडी यांची काच व्हायला भट्टी साधारण १५०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावी लागते. भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालू राहते, कारण ती थंड होऊ दिली तर आतली काच गोठते आणि भट्टीचं अस्तरच तडकतं. शिवाय एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. सोडा आणि चुनखडी तापवल्यावर त्यांच्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे भट्टी पूर्णपणे स्वच्छ विजेवर चालवली, तरी कच्च्या मालातून सुटणारा वायू उरतोच.

म्हणून जुन्या काचेचा चुरा मोलाचा. तो आधीच काच झालेला असतो, त्यामुळे तो कमी उष्णतेत वितळतो आणि त्यातून वायूही सुटत नाही. मिश्रणात दर १० टक्के चुरा वाढवला की भट्टीची ऊर्जा साधारण अडीच ते तीन टक्क्यांनी कमी लागते.

आता लक्झरीची अडचण. परफ्यूमच्या बाटलीला पाण्यासारखी नितळ काच हवी असते. त्यासाठी अगदी कमी लोह असलेली वाळू निवडून घेतात, कारण लोहाचा अंश वाढला की काचेवर हिरवट झाक येते. घरोघरच्या कचऱ्यातून आलेल्या चुऱ्यात हिरव्या-तपकिरी काचेचे कण असतात, क्वचित चिनी मातीचा तुकडाही असतो, आणि तेवढ्यानेही बाटलीत ठिपका किंवा रेष दिसू शकते. त्यामुळे बरीच वर्षं या धंद्यात 'पुनर्वापर' म्हणजे कारखान्यातल्याच फुटक्या बाटल्या परत भट्टीत घालणं, एवढाच अर्थ होता. ग्राहकांनी वापरून टाकलेल्या काचेला 'पीसीआर' म्हणतात. ही काच परफ्यूमच्या बाटल्यांत अलीकडे दिसू लागली आहे. फ्रान्समध्ये नॉर्मंडी आणि पिकार्डीच्या सीमेवर ब्रेल नदीचं खोरं आहे. जगातल्या उंची परफ्यूमच्या बाटल्यांचा मोठा वाटा तिथल्या कारखान्यांतून येतो, आणि पीसीआर काच नितळ ठेवण्याची बरीच खटपटही तिथेच चालू आहे.

मला विचाराल तर किंचित राखाडी झाक असलेली बाटली मला जास्त देखणी वाटते. ती झाक दोष आहे हे आपणच ठरवलेलं आहे, आणि ते बदलताही येईल.

बाटली इतकी जड का करतात?

जड वस्तू मौल्यवान वाटते म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रांस्वा कोटी या सुगंधकाराने रने लालिक या दागिने घडवणाऱ्या कलावंताकडून बाटल्या करून घ्यायला सुरुवात केली. औषधाच्या दुकानात शोभेल अशा साध्या कुपीतून परफ्यूम बाहेर पडलं आणि बाटली हीच अर्धी भेट ठरली. त्या कलेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पुढे कलाकुसरीची जागा वजनाने घेतली. आज कित्येक बाटल्यांचा तळ दोन-दोन बोटं जाड असतो. आतला सुगंध आहे तेवढाच, बाहेरची काच मात्र दुप्पट. ही जादा काच वितळवायला ऊर्जा लागते, आणि पुढे ट्रकपासून विमानापर्यंत प्रत्येक वाहन तिचं ओझं वाहतं. काच पातळ करणं हा सगळ्यात साधा उपाय आहे. त्याची जाहिरात करता येत नाही, म्हणून तो मागे पडतो.

फवारा फिरवून निघतच नाही. असं मुद्दाम करतात का?

ग्राहकाला अडवायचं म्हणून नव्हे, गळती थांबावी म्हणून ती पद्धत रूढ झाली. परफ्यूममध्ये अल्कोहोलचं प्रमाण बहुधा ७५ ते ९० टक्क्यांच्या दरम्यान असतं आणि ते बारीकशा फटीतूनही उडून जातं. ॲल्युमिनियमची टोपी गळ्यावर दाबून आवळली, त्याला कामगार 'क्रिम्पिंग' म्हणतात, की वायसर घट्ट बसतो आणि बाटली वर्षानुवर्षं गळत नाही. यंत्रं झपाझप चालतात आणि गळ्याचं माप ठरलेलं असतं. सगळ्यात जास्त चालणारं माप १५ मिलिमीटरचं.

पण या एका आवळण्यामुळे बाटलीचं आयुष्य ठरून जातं. पंप काढता येत नाही म्हणजे बाटली भरता येत नाही, आणि भरता येत नाही म्हणजे ती एकदाच वापरायची. काच पीसीआर असो, झाकण लाकडाचं असो, खोका कितीही साधा असो, तरी गळा आवळलेला असेल तर ती एकदाच वापरायची वस्तू आहे.

पर्याय आहे. गळ्याला आटे पाडायचे आणि पंप फिरकीचा बसवायचा. आट्यांचं माप अगदी नेमकं लागतं, वायसर चांगल्या प्रतीचा लागतो, भरण्याच्या यंत्रात बदल करावे लागतात आणि खर्च वाढतो. पण हे सगळं आज शक्य आहे आणि अनेक नामवंत घराणी ते करतही आहेत. म्हणून बाटली हातात घेतल्यावर मी सगळ्यात आधी गळा बघतो.

रिफिल ही नवी कल्पना आहे का?

मुळीच नाही. गेरलाँ या फ्रेंच परफ्यूम घराण्याची मधमाश्यांची बाटली १८५३ मधली. सम्राट तिसऱ्या नेपोलियनची पत्नी युजेनी हिच्यासाठी ती पोशे द्यू कूर्वाल या काच कारखान्याने घडवली, तिच्यावर ६९ मधमाश्या कोरल्या आहेत, आणि ती आजही बनते आणि पुन्हा भरूनही मिळते. म्यूग्लर या फ्रेंच घराण्याने १९९२ मध्ये 'एंजल' हे परफ्यूम आणलं. त्याची ताऱ्याच्या आकाराची बाटली घडवायला अवघड आणि महाग होती, म्हणून ती पुन्हा भरायची सोय केली आणि दुकानांत सुगंधाचे नळ बसवले. अलीकडे अर्मानीचं 'माय वे' २०२० मध्ये आणि प्राडाचं 'पॅराडॉक्स' २०२२ मध्ये आलं. दोन्ही पहिल्या दिवसापासून रिफिल होणारी.

मधला बराच काळ मात्र हा विचार बाजूला पडला होता. नवी बाटली विकण्यात जास्त मिळकत असते, हे त्याचं सरळ कारण.

मग रिफिल घेतलं की पर्यावरणाचा फायदा झालाच, असं समजायचं?

गणित करून बघू. हे आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत. नेहमीची १०० मिलिलिटरची बाटली झाकण-पंपासह २८० ग्रॅम. दोनदा विकत घेतली तर ५६० ग्रॅम. रिफिलची बाटली आट्यांमुळे आणि मजबूत कड्यामुळे जरा जड, म्हणून ३०० ग्रॅम धरू. तिच्यात भरायला ॲल्युमिनियमची ४० ग्रॅमची बाटली आणली तर एकूण ३४०. म्हणजे पहिल्याच रिफिलला २२० ग्रॅम वाचले, आणि दुसऱ्या रिफिलपासून फरक झपाट्याने वाढत जातो.

आता तीच बाटली कोणी आणली आणि कधीच भरली नाही तर? तर नेहमीच्या बाटलीपेक्षा २० ग्रॅम जास्तच खर्ची पडले. आणि रिफिलही १५० ग्रॅमच्या जाड काचेत, वर छापील खोका, आत बैठक असं आलं, तर बचत निम्म्यावर येते. म्हणून 'रिफिलेबल' हा शब्द वाचून मी हुरळून जात नाही. रिफिल दुकानात खरोखर मिळतं का, ते किती हलक्या वेष्टनात येतं, आणि नव्या बाटलीपेक्षा ते ठळकपणे स्वस्त आहे का, यावर सगळं अवलंबून आहे.

अजून एक बारकावा. नुसत्या वजनावर हिशेब संपत नाही. खाणीतून काढलेल्या धातूपासून नवं ॲल्युमिनियम बनवायला एका किलोमागे काचेपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागते. जुनं ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरलं तर मात्र त्यातली साधारण ५ टक्केच पुरते. त्यामुळे रिफिलची बाटली पुनर्वापराच्या ॲल्युमिनियमची असणं महत्त्वाचं.

घरी भरताना सुगंध बिघडणार नाही ना?

जंतूंची काळजी नको, इतक्या अल्कोहोलमध्ये ते वाढत नाहीत. सुगंध बिघडतो तो हवा, उजेड आणि उष्णतेने. भरण्यापूर्वी बाटली पाण्याने धुऊ नका. आत राहिलेल्या थेंबांनी परफ्यूम गढूळ होऊ शकतं. तेच परफ्यूम त्याच बाटलीत भरा, कारण पंपाच्या स्प्रिंगपासून नळीपर्यंत सगळीकडे आधीचा वास मुरलेला असतो. हल्लीची काही रिफिल बाटलीच्या तोंडावर उलटी बसवली की भरल्यावर आपोआप थांबतात. तशी नसेल तर लहान नरसाळं घ्या. देवासमोर दिवा किंवा शेजारी गॅस पेटलेला असताना भरू नका, हा द्रव पेट घेतो. उरलेलं रिफिल घट्ट बंद करून कपाटात अंधारात ठेवा.

झाकण लाकडाचं असेल तर ते चांगलंच असणार?

लाकूड दिसतं चांगलं, पण आत बहुधा प्लॅस्टिकची खोबण चिकटवलेली असते. मग ते ना लाकडात जातं ना प्लॅस्टिकमध्ये. झाकणाच्या बाबतीत पदार्थ कोणता यापेक्षा तो एकच आहे का, हे मी आधी बघतो.

जड धातूची झाकणं बहुतेक झॅमॅकची असतात. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांचा हा मिश्रधातू. सुटा असेल तर तो पुन्हा वितळवता येतो. काचेसारखं जाड, पारदर्शक झाकण असेल तर ते बरेचदा सर्लिन या प्लॅस्टिकचं असतं. ते घरच्या कचऱ्यातून वेगळं काढून परत वापरण्याची सोय जवळपास कुठेच नाही. सर्लिन बनवणाऱ्या डाऊ कंपनीने २०२२ मध्ये त्याचे दोन नवे प्रकार आणले, एक जैविक टाकाऊ मालावर आधारलेला आणि दुसरा टाकाऊ प्लॅस्टिकवर. यात 'मास बॅलन्स' नावाची हिशेबाची पद्धत वापरतात. कारखान्यात नवा आणि जुना कच्चा माल एकत्र मिसळतो, आणि जुना जेवढा आत गेला तेवढा वाटा कागदोपत्री ठरावीक मालाच्या नावे लिहितात. तुमच्या हातातल्या झाकणात जुन्या प्लॅस्टिकचा कण असेलच असं नाही. पद्धत खोटी नाही, तिची तपासणीही होते. फक्त ग्राहकाला हे उलगडून सांगायला हवं आणि ते क्वचितच सांगितलं जातं.

शनेलने २०२१ मध्ये सुलापॅक या फिनिश कंपनीबरोबर 'लेझ ओ द शनेल' मालिकेसाठी बहुतांशी वनस्पतिजन्य पदार्थाचं झाकण तयार केलं. झाकण बसताना होणारा तो 'टक्' आवाज नेमका यावा म्हणून तिथे किती प्रयोग झाले असतील, याची मला कल्पना करता येते. त्या आवाजावर या धंद्यात खरोखर महिनोन्‌महिने काम चालतं.

खोका काढूनच का टाकत नाहीत?

काही ठिकाणी तो काढता येईल. पण पारदर्शक बाटलीतल्या सुगंधाला उजेड बाधतो आणि दुकानाच्या दिव्यांखाली खोका त्याचं रक्षण करतो, त्यामुळे तो सरसकट निरुपयोगी नाही. निरुपयोगी आहेत ती आतली प्लॅस्टिकची बैठक, चुंबक आणि बाहेरचा प्लॅस्टिकचा थर. दुमडलेल्या पुठ्ठ्याची बैठक तेच काम करते.

खोक्यावरचा पारदर्शक कागद सेलोफेनचा असतो, तो तर कुजतो ना?

खरं सेलोफेन लाकडाच्या लगद्यापासून बनतं. परफ्यूमच्या खोक्यावर हल्ली असतं ते बहुधा पॉलिप्रोपिलीन, म्हणजे प्लॅस्टिक. नाव फक्त जुनं राहिलं. खोका उघडला गेला नाही याची खूण म्हणून ते लावतात, आणि कागदी सीलनेही ते काम होतं.

'इको-फ्रेंडली', 'कार्बन न्यूट्रल' असं लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवावा का?

नुसत्या शब्दावर नको. आकडा शोधा. 'काचेत ग्राहकांच्या वापरातून परत आलेली इतके टक्के काच' हे विधान तपासता येतं, 'निसर्गाशी नातं' हे नाही.

कायदाही आता याच दिशेने चालला आहे. फ्रान्सच्या २०२० च्या कायद्याने वस्तूवर किंवा वेष्टनावर 'बायोडिग्रेडेबल' आणि 'पर्यावरणस्नेही' असे शब्द छापायलाच मनाई केली. युरोपीय संघाचा २०२४ चा ८२५ क्रमांकाचा निर्देश २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होतो. त्यात पुराव्याशिवाय केलेले मोघम पर्यावरणी दावे बंद आहेत, आणि दुसऱ्या कुठल्यातरी ठिकाणी झाडं लावून वस्तूला 'कार्बन न्यूट्रल' म्हणणंही बंद.

युरोपच्या नव्या वेष्टन कायद्याने नेमकं काय बदलेल?

बरंच, कारण उंची परफ्यूमची बहुतेक मोठी घराणी तिथली आहेत. २०२५/४० क्रमांकाचा हा नियम ११ फेब्रुवारी २०२५ ला अमलात आला आणि त्यातल्या बहुतेक तरतुदी १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू होतात. २०३० पासून बाजारात येणारं वेष्टन पुनर्वापरासाठी वितळवता किंवा कुटता येण्याजोगं असलं पाहिजे, आणि त्याला अ, ब, क अशा श्रेणी मिळतील. २०३८ पासून क श्रेणीही चालणार नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. १९९४ च्या जुन्या निर्देशात वेष्टनाचं वजन ठरवताना 'ग्राहकाला ते पसंत पडलं पाहिजे' हे कारण चालायचं. जड तळ आणि फुगवलेला खोका याच पळवाटेतून सुटत आले. नव्या नियमातून ते कारण काढून टाकलं आहे. वस्तू मोठी भासावी म्हणून केलेल्या दुहेरी भिंती आणि खोटे तळ २०३० पासून बंद होतील. ११ फेब्रुवारी २०२५ च्या आधी नोंदवलेल्या, कायद्याचं संरक्षण असलेल्या डिझाइनना मात्र सवलत आहे, त्यामुळे जुन्या प्रसिद्ध बाटल्या तशाच राहू शकतील. खरी कसोटी नव्या बाटल्यांची लागेल.

रिकामी बाटली काचेच्या कचऱ्यात टाकली तर चालते का?

साध्या काचेची असेल तर चालते. आधी पूर्ण रिकामी करा आणि झाकण वेगळं काढा. आवळलेला पंप निघाला नाही तरी निराश होऊ नका. काच प्रक्रिया करणाऱ्या ठिकाणी ती फोडतात, मग चुंबक लोखंड ओढून घेतो आणि वेगळं यंत्र ॲल्युमिनियम बाजूला काढतं. पकडीने झटापट करून हात कापून घेण्यापेक्षा ते बरं, हे मी अनुभवाने सांगतो.

आतून-बाहेरून रंगवलेल्या अपारदर्शक बाटल्यांचं मात्र कठीण असतं. काच वेचणाऱ्या यंत्राचा प्रकाश आरपार जात नाही, म्हणून ते तिला दगड समजून बाहेर फेकतं. शिशाच्या क्रिस्टलची बाटली काचेत कधीच टाकू नका, शिसं पुढच्या चुऱ्यात मिसळतं. ती जपून ठेवावी किंवा संग्राहकाला द्यावी.

मोफत मिळणाऱ्या छोट्या नमुन्याच्या कुप्यांचं काय?

दीड-दोन मिलिलिटरची कुपी, तिला इवलासा पंप, वर छापील पुठ्ठा. सुगंधाच्या मानाने वेष्टन सगळ्यात जास्त असतं ते इथेच. इतकी लहान वस्तू कचरा चाळणाऱ्या जाळीतून खाली पडते आणि बहुतेक वेळा पुरली किंवा जाळली जाते. दुकानात कागदाच्या पट्टीवर वास घ्या, मनगटावर एक फवारा मारून चार तास थांबा. तरीही ठरत नसेल तरच कुपी मागा, आणि ती पूर्ण वापरा.